एक तुटतो, एक टिकतो

१

थोरली सकाळी घाट चढायला गेली ती स्वतःच्या दमावर आणि परत आली ती ट्रकच्या मागे, दोरीला बांधून.

डेपोतल्या बाकीच्या बसना नुसते नंबर होते. नाव मिळालं होतं ते हिलाच, सगळ्यांत जुनी म्हणून. तिच्या मागच्या झाकणातून अजून वाफ येत होती आणि भांडं करपावं तसा वास फाटकापर्यंत आला होता. ड्रायव्हर मनगटाला ओला रुमाल गुंडाळून खाली उतरला. त्याला सगळे कुरकुरदादा म्हणत. सूर्य उगवला तरी ज्याची तक्रार असते, त्याला दुसरं काय म्हणणार?

"पंख्याचा बेल्ट," तो म्हणाला. "पुन्हा."

त्या 'पुन्हा'ने सगळे थोरलीभोवती जमले. थोडक्या दिवसांतली ही तिसरी खेप होती. बेल्ट तुटला की पंखा थांबतो, पंखा थांबला की इंजिन तापतं, आणि थोरलीचं इंजिन तापतं ते नेमकं घाटात, गाडी माणसांनी भरलेली असताना. या खेपेला मनगटावर निभावलं होतं. पुढच्या खेपेचा विषय कुणी काढला नाही.

चौकशीच्या खिडकीमागे बसलेल्या ताईने हातातलं विणकाम थांबवलं. आयुष्यभर ती लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आली होती: गाडी कधी, कुठून, उशीर का. त्यामुळे स्वतःचे प्रश्न तिच्या पोटात साठून राहत आणि संधी मिळाली की उसळून बाहेर येत. लोक म्हणत, ताईला एक प्रश्न विचारावा आणि चार घेऊन जावे. उशीर झालेल्या गाड्यांची वाट बघत ती मोजे विणायची. वेळापत्रकाची कार्डं तिने जाड कागदाच्या कड्यात अडकवून ठेवलेली असत. अशी कडी तिला स्टोअरमधून फुकट मिळायची. त्यांना रबराचा वास यायचा आणि आतून काळे डाग असायचे, पण फुकटच्या वस्तूला नाक मुरडायचं नसतं.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब खिडकीशी आले. त्यांच्या हातात काळ्या बेल्टचे दोन तुकडे होते.

"हे बघा, बाई. हा तुटलेला नाही, कापलेला आहे. चाकूने. आणि थोरलीच्या इंजिनाला हात लावणारा या डेपोत एकच माणूस आहे."

ताईला नाव विचारायची गरज पडली नाही. थोरलीचा मेकॅनिक तिचा धाकटा भाऊ होता.

२

साहेबांच्या खोलीत धाकटा भिंतीला टेकून उभा होता. हाताला तेल, चेहऱ्यावर रंग नाही. आई गेल्यापासून ताईनेच त्याला वाढवलं होतं. त्याचा हा चेहरा तिने एकदाच पाहिला होता, शाळेत दुसऱ्याची पाटी फोडल्याचा आळ त्याच्यावर आला तेव्हा.

"पंखा दोन बेल्टवर फिरतो," साहेब म्हणाले. "दोन्ही शेजारी शेजारी, एकाच वेळी बसवलेले. मालच हलका असता तर दोन्ही तुटले असते. पण तिन्ही वेळा एकच तुटला, दुसरा शाबूत! म्हणजे कुणीतरी एकच कापतोय. आणि परवा जेवताना हाच म्हणाला होता, थोरली सुटली की मी सुटलो."

"साहेब, ते गमतीत," धाकटा म्हणाला.

"मालक दुपारी येतायत. त्यांना मी काय सांगू, गंमत? कामावरून काढणं हा पुढचा प्रश्न. आधी पोलिसांत देतील."

नोकरी गेली तर दुसरी मिळते. पण भरल्या बसचा बेल्ट कापणारा म्हणून बाहेर पडलेल्या माणसाला कुठल्या गॅरेजात उभं करतील? आणि घाटातला प्रत्येक माणूस त्याच्याकडे कसा बघेल?

"मालक येईपर्यंत मला विचारपूस करू द्या," ती म्हणाली. "आणि ते तुकडे जरा दाखवा."

साहेबांनी तुकडे टेबलावर ठेवले. साहेब मनाने वाईट नव्हते. घाई हा त्यांचा स्वभाव होता, चहासुद्धा उकळण्याआधी पीत.

ताईने तुकड्यांची टोकं बोटांनी चाचपली. मग लोकरीचा एक धागा घेऊन त्याची गाठ मारून कडं केलं आणि कात्रीने एकदा कापलं.

"साहेब, कडं एका जागी तोडलं तर किती तुकडे होतात?"

"एक," साहेब म्हणाले. "लांबलचक एक."

"मग इथे दोन कसे? म्हणजे हा बेल्ट दोन जागी तुटलाय. आणि ही टोकं बघा. प्रत्येक तुकड्याचं एक टोक गुळगुळीत आणि दुसरं चिंध्या झालेलं, दोरे लोंबणारं. तुम्ही गुळगुळीत टोकं तेवढी बघितलीत."

"पण गुळगुळीत म्हणजे कापलेलंच ना?"

"हो, आरपार कापलेलं. डेपोत आरपार कापलेला बेल्ट घेऊन थोरली अर्धा घाट चढेल का? ती फाटकातूनसुद्धा बाहेर पडायची नाही. कुणी अर्धवट चिरून ठेवला असता तर टोक अर्धं गुळगुळीत आणि अर्धं फाटकं दिसलं असतं."

साहेब तुकडे उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे बेल्ट आधी घाटात तुटला," ताई म्हणाली, "आणि कापला गेला तो नंतर. घाटात त्या वेळी चाकू कुणाकडे होता?"

३

कुरकुरदादा पाण्याच्या टाकीशी बसून मनगटावर गार पाणी सोडत होता. ताईने मलमाची डबी पुढे केली आणि शेजारी बसली.

"दादा, रोज सफरचंद कशाने सोलता हो तुम्ही?"

त्याचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. "का? आता फळं खायलाही परवानगी लागते?"

"बेल्ट तुम्ही कापलात."

"हळू बोल की!" तो इकडेतिकडे बघत कुजबुजला. "तुटला तेव्हा त्याचे दोरे पंख्याच्या दांड्यात गुंतले. शेजारचा बेल्टही खाचेतून उडाला. गुंता निघेना म्हणून मधे चाकू घातला आणि खेचून काढला. तेवढ्यात वाफ आली हातावर."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? मी रोज सगळ्या जगाला ऐकवतो, ही म्हातारी भंगारात घाला, मला नवी गाडी द्या. वर खिशात चाकू. साहेबांनी माझीच गठडी वळली असती." तो खाली बघायला लागला. "तुझ्या भावावर जाईल असं वाटलं नव्हतं गं. सांगतो मी आता, काय व्हायचं ते होवो."

ताईला त्याचा राग आला, आणि त्याने मान खाली घातलेली बघून तो उतरलाही. पण प्रश्न जिथल्या तिथे होता. चाकूचा उलगडा झाला, बेल्ट तुटला का त्याचा नाही. चौथा तुटला तर दोष पुन्हा बसवणाऱ्याच्याच माथी येणार होता.

"तुटण्याआधी काही वेगळं वाटलं?"

"काल पाणी भरताना झाकण उघडलं होतं. इंजिन चालू होतं. एक बेल्ट सळईसारखा सरळ. दुसरा नुसता थरथरत होता, अंगात आल्यासारखा."

"कुठला थरथरत होता? जो आज तुटला तो?"

कुरकुरदादा विचारात पडला. मग त्याने डोळे मोठे केले. "नाही. जो टिकला तो."

४

धाकटा थोरलीच्या मागे वाकून पुलीच्या खाचांतून बोट फिरवत होता.

"खाचा झिजल्यात का बघतोय," तो म्हणाला. "पण तशी खूण नाही. शिवाय कधी आतला तुटतो, कधी बाहेरचा. खाच खराब असती तर एकाच बाजूचा तुटला असता."

"बेल्ट बसवतोस कसा? मला काही येत नाही असं धरून सांग."

"येत नाहीच तुला," तो म्हणाला आणि सकाळपासून पहिल्यांदा जरासा हसला. "स्टोअरमधून दोन मागतो. नंबर तपासतो, दोन्हींचा एकच असतो. रुंदीही बघतो. बारीक बेल्ट दिला तर तो खाचेच्या तळाशी बसतो आणि घसरतो. मग दोन्ही चढवतो, सळईने ओढून नाही, हाताने, नाहीतर आतले दोरे तुटतात. शेवटी दोन्हींवर ही चपटी काठी आडवी ठेवून दाबतो. बोटभर दबली की ताण बरोबर."

"दोन्हींवर एकदम?"

"हो. वेळ वाचतो. वस्तादांनी तसंच शिकवलंय."

"आणि दोन्ही अगदी नवे होते?"

"स्टोअरमधून आले म्हणजे नवेच. एकावर पिवळे ठिपके होते, पण नगकाका तर बादलीवरसुद्धा ठिपके देतात."

नगकाका म्हणजे स्टोअरकीपर. ते प्रत्येक गोष्ट नगात मोजत. त्यांना जोडी हा शब्द माहीतच नव्हता म्हणाना. चपला आणल्या तरी त्यांच्या लेखी दोन नग. कुणाच्या लग्नाला जाऊन आले की म्हणत, जेवण छान होतं, नवरा एक नग, नवरी एक नग. त्यांच्या स्टोअरमधून खिळा इकडचा तिकडे गेला नव्हता आणि या प्रामाणिकपणाचा त्यांना रास्त अभिमान होता.

"तुझ्या भावाचं वाईट वाटतं," ताई आत शिरताच ते म्हणाले. "पण माझ्याकडून दर वेळी दोन नग गेलेत. दोन्ही चोख."

भिंतीवर दोन खुंट्या होत्या. एकीवर नवे बेल्ट लटकत होते. दुसरीवर एकच होता. त्याच्या पाठीवर पिवळ्या रंगाचे तीन ठिपके होते आणि तिसरा अजून ओला होता.

"हा कुठला, काका?"

"आज थोरलीतून परत आला तो शाबूत नग. आला की पुसायचा, ठिपका द्यायचा, जागेवर टांगायचा. चांगली वस्तू फेकायची म्हणजे पाप."

"आणि पुढच्या वेळी?"

"आधी जुना माल संपवायचा. एक नग यातला, एक नव्यातला. हिशेब साफ."

ताईकडे बोलायला शब्द तयार होते, पण पुरावा नव्हता. दोन्हींवर नंबर एकच, रुंदी एकच. साहेब विचारणार, मग फरक काय?

ती खिडकीशी परतली. सवयीने मोजा हातात घेतला. याचा जोडीदार तिने मागच्या थंडीत विणला होता. त्याच सुया, तेवढेच टाके. तिने दोन्ही शेजारी धरले. एक घट्ट होता, आणि दुसरा घालून घालून बोटभर वाढला होता. तिने वेळापत्रकाच्या कार्डांवरचं कागदी कडं ओढून काढलं. आतले काळे डाग ती रोज बघत होती. आज मोजले. दोन. शेजारी शेजारी.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली आणि खिडकीवर 'थोड्या वेळात येते'ची पाटी लावून धावत सुटली.

५

मालक आले तेव्हा स्टोअरमध्ये सगळे जमलेले होते. कुरकुरदादाने चाकूची गोष्ट आधीच सांगून टाकली होती आणि कधी नव्हे तो गप्प उभा होता. मालक उंच, थकलेले, पण ऐकून घेणारे गृहस्थ होते.

"चाकूचं कळलं," ते म्हणाले. "बेल्ट का तुटतात ते सांगा. माझ्या गाडीत माणसं बसतात."

ताईने धाकट्याला आणि कुरकुरदादाला एक लोखंडी नळी दोन्ही टोकांना धरायला लावली. नळीवर दोन बेल्ट अडकवले: एक तीन ठिपक्यांचा, एक नवाकोरा. मग दोन्हींच्या तळातून दुसरी, जड नळी ओवली आणि हळूच सोडली.

"साहेब, ही नळी किती बेल्टनी तोलून धरलीय?"

साहेब खाली वाकले. नवा बेल्ट ताठ झाला होता. ठिपक्यांचा नुसता लोंबत होता. त्याच्या आणि नळीच्या मधून साहेबांनी आपलं बोट आरपार फिरवलं.

"एकानेच," ते हळूच म्हणाले.

"पहिल्या खेपेला जुना झालेला एक बेल्ट तुटला आणि त्याच्या शेजारचा हा उरला, चालून चालून वाढलेला. डोळ्याला कळत नाही इतकाच, पण वाढलाय. त्याच्या शेजारी नवा बसवला की पंख्याचा सगळा भार नव्यावर. घाट आला की नवा तुटतो. हा मात्र तसाच परत येतो, पुसला जातो, एक ठिपका मिळवतो आणि पुढच्या नव्याच्या शेजारी जाऊन बसतो. तिन्ही वेळा शेजारी हाच होता."

"पण मी म्हणत होतो, जो टिकला तो चांगला—"

"तो चांगला म्हणून नाही टिकला, साहेब. काम केलं नाही म्हणून टिकला."

"अशी माणसंही असतात," कुरकुरदादा पुटपुटला. फार वेळ गप्प राहणं त्याला झेपत नव्हतं. साहेबांनी उगाच टाय सारखा केला.

ताईने नव्या मालाचं न उघडलेलं पोतं पुढे ओढलं. आत बेल्ट होते, दोन दोन, प्रत्येक दोनांभोवती जाड कागदाचं कडं. तिने त्यातले दोन काढून नळीवर चढवले आणि जड नळी सोडली. दोन्ही एकाच वेळी ताठ झाले. साहेबांचं बोट कुठूनही आत गेलं नाही.

"कारखान्यातून हे जुळवून, बांधून येतात," ती म्हणाली. "तुटला तर दोन्ही बदलायचे, आणि बसवायचे ते एका कड्यातलेच. काका कडी सोडून मोजतात आणि मला देतात. एवढे दिवस पुरावा माझ्याच कार्डांभोवती होता."

सगळ्यांच्या नजरा नगकाकांकडे वळल्या. ते ठिपक्यांच्या बेल्टकडे बघत होते. एवढ्या वर्षांत ज्यांच्या स्टोअरमधून खिळा हरवला नाही, तो माणूस आता तिन्ही ठिपके पुन्हा पुन्हा मोजत होता. ताईला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिला त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहावंसं वाटलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मालकांसमोर ताठ उभे राहिले.

"पोराचा दोष नाही, मालक. माझ्या नावावर लिहा. चूक, एक नग."

मालकांनी मान डोलावली. धाकटा सुटला होता. त्याने नुसतं गप्प राहायचं होतं. पण ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, हा गप्प राहणार नाही. तिला भीती वाटली, आणि बरंही वाटलं.

धाकट्याने कमरेची चपटी काठी काढून काकांच्या टेबलावर ठेवली.

"एक नाही, काका. ही काठी मी दोन्ही बेल्टवर एकदम दाबायचो. वेगवेगळे दाबून बघितले असते तर एक सैल आहे हे पहिल्याच दिवशी बोटाला कळलं असतं. दुसरी चूक माझी. दोन लिहा."

मालक एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. "बरं. तर मग दोन नग?"

"नाही, मालक," नगकाका म्हणाले. त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. शब्द ओठांना नवा होता, त्यामुळे तो यायला जरा वेळ लागला.

"एक जोडी."